सौर पॅनेल गाडीच्या टपावर नको, दस्तुरीवर हवे

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड
अलिबाग

विषय : माथेरानच्या बॅटरी गाड्यांना सूर्याची वीज



तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी माथेरानच्या हातरिक्षांबद्दल जो आदेश दिला, त्यात आपल्या कार्यालयाकडे थेट काम आले. माणसाने माणसाला ओढण्याची पद्धत सहा महिन्यांत बंद करा, गुजरातमधल्या केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा विकत घेऊन त्या हातरिक्षावाल्यांना भाड्याने द्या, खरे हातरिक्षावाले कोण हे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने ठरवा आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नका, असे न्यायालयाने बजावले. म्हणून हे पत्र मंत्रालयात न धाडता आपल्या नावाने उघडपणे लिहितो आहे.

ई-रिक्षा याव्यात की नाही, या वादात मी पडत नाही. त्यात घोडेवाल्यांचे म्हणणे आहे, झाडांची आणि रस्त्यांची काळजी करणाऱ्यांचे आहे, आणि एवढी वर्षे चढावर पाय रोवून गाडी ओढणाऱ्यांचेही आहे. तो वाद न्यायालयात झाला आणि तिथे संपला. परवानाधारक हातरिक्षा ९४. डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षांवर प्रयोग सुरू झाला, पुढे वीस गाड्यांना परवानगी मिळाली, आणि आता सगळ्यांचीच पाळी आहे. माझा विषय त्यापुढचा आहे. या गाड्यांना वीज कुठून येणार, आणि ती कुणाच्या खिशातून जाणार?

मी वीजतंत्री आहे. बॅटऱ्या आणि चार्जर हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे एक गोष्ट जवळजवळ खात्रीने सांगू शकतो. खरेदीची निविदा निघाली की टपावर सौर पॅनेल बसवलेली गाडी घेऊन कुणीतरी आपल्या दालनात येईल. चित्र देखणे असेल. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र, धूर नाही, आवाज नाही, आणि वर सूर्यावर चालणारी गाडी. उद्घाटनाच्या फोटोत तर ते पॅनेल फारच शोभून दिसेल. माझी विनंती आहे की त्या फोटोच्या मोहात पडू नये. सूर्याची वीज माथेरानला जरूर हवी, पण गाडीच्या टपावरून मिळणारी नको.

ही टपावरच्या पॅनेलची कल्पना मुळात वाईट नाही. गोल्फ कार्टवर ती चांगली चालते, आणि का चालते हे पाहिले की माथेरानला का चालणार नाही तेही कळते. चेंबूरच्या किंवा येरवड्याच्या गोल्फ मैदानावर फिरणारी बॅटरीची बग्गी अठरा होल्सच्या एका डावात फार तर आठ-दहा किलोमीटर चालते. जमीन जवळपास सपाट, वेग माणसाच्या धावण्याइतका, बसणारे दोघे. एका डावाला तिला एक-सव्वा युनिट वीज लागते. तिच्या टपावर तीनशे वॉटचे पॅनेल सहज मावते आणि आपल्याकडच्या स्वच्छ उन्हात ते दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास वीज देते. शिवाय गोल्फचे मैदान म्हणजे उघडे रान. खेळाडू चेंडू शोधत असतो तेव्हा बग्गी उन्हातच उभी असते. लागणारी वीज आणि मिळणारी वीज यांचा असा मेळ बसतो, म्हणून पावसाळा सोडला तर ती बग्गी पुष्कळशी आपल्या टपावर जगते. तिथे हा खर्च करणाऱ्याला मी शहाणाच म्हणेन.

आता माथेरानची गाडी घेऊ. पर्यटकांच्या मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंत जाऊन-येऊन पाच-सहा किलोमीटर होतात. जाताना चढ. आत प्रवासी, त्यांच्या बॅगा, कधी कडेवर मूल. अशा दहा फेऱ्या धरल्या तर दिवसाला साठ किलोमीटर होतात. चढ आणि ओझे लक्षात घेता किलोमीटरला ऐंशी वॉट-तास धरले तर बॅटरीतून पावणेपाच युनिटच्या पुढे वीज जाते, आणि चार्जर व बॅटरी यांतली गळती धरून भिंतीवरच्या मीटरवर सहा युनिट पडतात. टपावर मोठ्यात मोठे साडेपाचशे वॉटचे पॅनेल बसवले आणि गाडी दिवसभर भर उन्हात ठेवली, तरी दोन-सव्वादोन युनिटच मिळतील. म्हणजे गरजेचा साधारण तिसरा हिस्सा. तोही कागदावर.

कागदावर, कारण माथेरानला भर ऊन रस्त्यावर पडतच नाही. त्या डोंगराची सारी ख्याती सावलीवर आहे. मुंबईचे लोक मे महिन्यात तिथे जातात ते झाडांच्या त्या छताखाली चालायला मिळावे म्हणून. दस्तुरीपासून पेठेपर्यंतचा रस्ता त्या छताखालून जातो. आणि पॅनेलचा स्वभाव असा की अर्धी सावली पडली तर अर्धी वीज मिळते असे नाही. पॅनेलमधले घट एकामागून एक जोडलेले असतात. एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तर त्या रांगेतला सगळा प्रवाह अडतो. म्हणून आत बायपास डायोड टाकतात, त्यामुळे सावलीतला भाग वगळून बाकीचा चालू राहतो, पण साधारण तिसरा हिस्सा वीज एका फांदीपायी जाते. रस्त्यावर ऊन-सावलीचे कवडसे दर पावलाला बदलतात, तेव्हा पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला कंट्रोलर बिचारा योग्य विद्युतदाब शोधत राहतो आणि सापडेपर्यंत गाडी पुढच्या सावलीत शिरलेली असते. अशा ठिकाणी दिवसाला अर्धे युनिट मिळाले तरी मी ते पुष्कळ मानीन.

हिशेब असा होतो. आठ रुपये युनिट धरले तर अर्ध्या युनिटाचे चार रुपये. पॅनेल, दाब चढवणारा कंट्रोलर, टपाचा सांगाडा आणि मजुरी मिळून पंचवीस-तीस हजार रुपये. दिवसाला चार रुपये वाचवून हा पैसा वसूल व्हायला सतरा ते वीस वर्षे लागतील. ई-रिक्षा तेवढी जगत नाही.

तांत्रिक अडचणी आणखीही आहेत, त्या झटकन सांगतो. साडेपाचशे वॉटचे काचेचे पॅनेल तीस किलोच्या आसपास भरते. तीन चाकांच्या गाडीच्या डोक्यावर तीस किलो ठेवून तिला उतारावर वळवणे ही गोष्ट मला भीतीची वाटते. धक्क्यांनी पॅनेलच्या आत बारीक भेगा जातात, बाहेरून काच धड दिसते आणि वीज मात्र कमी होत जाते. लवचीक, हलके पॅनेल मिळते, पण त्याच्याखाली हवा खेळत नाही, ते तापते आणि लवकर मरते. आणि माकडे. उभ्या गाडीच्या टपावरून लोंबणारी वायर माथेरानच्या माकडाने सोडून दिली, असे मला तरी कल्पनेत आणता येत नाही.

वाहनाच्या टपावर पॅनेल कुठे शोभते, याचे आपल्या देशातले सगळ्यात सुंदर उदाहरण केरळात आहे. वैक्कम ते तवणक्कडवू या मार्गावर जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ नावाची पंचाहत्तर आसनांची सौर नौका चालते. वीस मीटर लांबीच्या त्या नौकेचे सबंध छप्पर पॅनेलचे आहे, आणि वेंबनाड सरोवराच्या पाण्यावर तिला सावली द्यायला एक झाड नाही. पाण्यावर हळू चालणाऱ्या नौकेला वीजही तुलनेने कमी लागते. छप्पर मोठे, ऊन मोकळे, भूक लहान. पुण्यातल्या एका कंपनीने ‘इव्हा’ ही छोटी मोटार लोकांपुढे आणली, तिच्याही टपावर पॅनेल आहे. कंपनीचाच दावा वर्षाला तीन हजार किलोमीटरपर्यंतचा आहे, म्हणजे दिवसाला आठ-नऊ. शहरात ऑफिसला जाणाऱ्या एका माणसाला ते पुरेल. दिवसाला साठ किलोमीटर चढ-उतार करणाऱ्या गाडीला नाही पुरणार.

आता मुद्द्याचे सांगतो, कारण इथेच सगळ्यांची नजर चुकीच्या ठिकाणी लागलेली असते. ई-रिक्षाचा मोठा खर्च विजेचा नसतो. सहा युनिटांचे आठ रुपयांनी अठ्ठेचाळीस रुपये झाले, समजा पन्नास. या गाड्यांत बहुधा शिसे-आम्लाच्या चार बॅटऱ्या असतात. तो संच चाळीस हजारांच्या आसपास पडतो आणि रोजच्या राबत्या गाडीत वर्ष-दीड वर्षात दम सोडतो. दिवसाला विभागले तर ऐंशी-नव्वद रुपये होतात. म्हणजे चालकाचा खिसा विजेपेक्षा बॅटरी जास्त रिकामा करते, आणि करते ती एकदम, एका दिवशी. चाळीस हजार रुपये. रोज कमावून रोज खाणाऱ्या घरात ही रक्कम सावकाराकडूनच येते.

या बॅटरीला मारणारी मुख्य गोष्ट म्हणजे तिला रोज तळापर्यंत उपसणे. सकाळी भरून निघायचे, संध्याकाळी गाडी रेंगाळायला लागेपर्यंत पळवायचे आणि रात्री एकदम आठ-दहा तास चार्जिंगला लावायचे, ही सवय तिला लवकर संपवते. तीच बॅटरी रोज निम्म्यापर्यंतच उतरवली, तर ती जवळजवळ दुप्पट वेळा भरता-उपसता येते. मग निम्म्यावर थांबवायची कशी? दुपारी भरून.

माथेरानचा दिवस यासाठी जणू आखूनच दिलेला आहे. सकाळी लोक चढतात, तिसऱ्या प्रहरानंतर उतरतात. मधल्या वेळात चालक दस्तुरीवर नंबर लागण्याची वाट बघत उभे असतात. आभाळातले ऊन त्याच वेळी सगळ्यात कडक असते. त्या रांगेतच प्लग असला, वर छपरावर पॅनेल असले, तर नंबर येईपर्यंत गाडी भरत राहील. संध्याकाळची गर्दी ओढायला ती ताजी असेल आणि रात्री थोडेच भरावे लागेल. सूर्याची किंमत इथे वाचलेल्या पन्नास रुपयांत मोजू नका. बॅटरी दीड वर्षाऐवजी अडीच वर्षे टिकली तर ती खरी कमाई आहे. गाडीवर पॅनेल लावणाऱ्या विक्रेत्याला हा हिशेब सांगायचा नसतो, कारण दुपारी कुठे उभे राहायचे हे गाडीसोबत विकता येत नाही.

पॅनेल गाडीवर न ठेवता चार्जिंगच्या जागी ठेवण्याची ही कल्पना माझी नाही, आणि नवी तर मुळीच नाही. २ ऑक्टोबर २००८ रोजी दिल्लीत चांदनी चौकात ‘सोलेकशॉ’ नावाची रिक्षा उतरवली गेली होती. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे आपल्याच सीएसआयआरने, ती बनवली होती. सायकल रिक्षा ओढणाऱ्याचे कष्ट कमी व्हावेत हाच हेतू. पायडल होते आणि मदतीला बॅटरीची छोटी मोटर. त्या शास्त्रज्ञांनी पॅनेल रिक्षावर ठेवले नव्हते. सौर चार्जिंग केंद्र वेगळे उभे केले होते आणि उतरलेली बॅटरी देऊन भरलेली घ्यायची अशी सोय होती. तंत्राचा विचार अगदी बरोबर होता. पण गाडी प्रात्यक्षिकाच्या पलीकडे फारशी गेली नाही, आणि पुढच्या काही वर्षांत दिल्लीच्या रस्त्यांवर आल्या त्या बाहेरून सुटे भाग आणून जोडलेल्या, घरच्या प्लगवर रात्री भरल्या जाणाऱ्या स्वस्त ई-रिक्षा. मला यातून दिसते ते एवढेच की, गाडी तयार करणे सोपे आणि चार्जिंगचे केंद्र रोज चालवणे अवघड. गाडी तयार झाली की फोटो निघतो. केंद्र चालवायला मात्र नोकरीवरचा माणूस, नोंदवही आणि दुरुस्तीचा पैसा लागतो. महोदय, आपल्या समितीने आपली शक्ती या अवघड भागावर खर्च करावी.

तर दस्तुरीचे गणित. ९४ गाड्या, प्रत्येकी सहा युनिट, म्हणजे दिवसाला सुमारे ५६५ युनिट. कोकणच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यातले धुके धरून एका किलोवॉटमागे वर्षाची सरासरी साडेतीन युनिट रोज एवढी जपून धरू. मग साधारण १६० किलोवॉटची पॅनेल लागतील. साडेपाचशे वॉटची सुमारे २९० पॅनेल, म्हणजे आठ हजार चौरस फूट काच. ऐकायला मोठे वाटते. पण एका मोटारीला उभे राहायला जेवढी जागा लागते तेवढ्यावर छप्पर घातले तर अडीच-पावणेतीन किलोवॉट बसतात. म्हणजे दस्तुरीच्या वाहनतळावर साठ मोटारींच्या जागेवर पॅनेलचे छप्पर घातले की काम झाले. शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची किती दाटी होते ते आपण पाहिलेच असेल. मुंबई-पुण्याहून येणारे पर्यटक आपली पेट्रोलची गाडी त्या छपराच्या सावलीत ठेवतील, आणि त्याच छपराच्या विजेवर चालणाऱ्या रिक्षात बसून वर जातील. पार्किंगच्या पावतीत सावलीचे दहा रुपये जास्त घेतले तरी कुणी कुरकुर करणार नाही.

उंच सांगाडा आणि डोंगरावरची वाहतूक धरून किलोवॉटला साठ हजार रुपये मोजले तर एक कोटीच्या आत खर्च येतो. विजेच्या बचतीतूनच तो सुमारे सहा वर्षांत फिटतो. बॅटऱ्यांचे वाढलेले आयुष्य त्यात मी धरलेलेच नाही. आणि पॅनेल पंचवीस वर्षे चालते.

एक अट मात्र कडक हवी. या छपरासाठी एकही झाड जाता कामा नये. जिथे आज उघडी जमीन आहे, जिथे मोटारींच्या टायरनी आधीच माती बसली आहे, तेवढ्याच भागावर छप्पर घालावे. तेवढी जागा भरत नसेल तर नगरपरिषदेची इमारत, शाळा, रेल्वेची स्थानके यांच्या छपरांचा शोध घ्यावा, आणि तीही सावलीत निघाली तर पॅनेल खाली नेरळला लावावे. वीज तारेतून जाते, तिला घाट चढायला घोडा लागत नाही. नेरळ-कर्जतच्या सरकारी छपरावर झालेली वीज माथेरानच्या खात्यात जमा धरावी, असा प्रस्ताव आपल्या कार्यालयाकडून वीज नियामक आयोगाकडे गेला तर त्याला वजन येईल. सूर्यऊर्जेच्या नावाने माथेरानला कुऱ्हाड चालली असे कुणी म्हणायला नको.

पावसाळ्याचे काय, हा प्रश्न रास्त आहे. जुलैत माथेरानला दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. पॅनेल तेव्हा उन्हाळ्याच्या चौथाई-तिसऱ्या हिश्श्यावर येतील. यावर नेट मीटरिंग हा उपाय आहे, आणि महाराष्ट्रातला त्याचा नियम माथेरानच्या ऋतुमानाला नेमका मानवतो. जास्तीची वीज महावितरणच्या तारेत जाते, तेवढी युनिटे खात्यावर जमा राहतात आणि हा हिशेब एप्रिल ते मार्च असा आर्थिक वर्षाचा असतो. म्हणजे एप्रिल-मेच्या कडक उन्हात साठवलेली युनिटे जून-जुलैत खर्चायला मिळतात. हिशेबाचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असते तर हे जमले नसते. गर्दी नसलेल्या आडवारी शिल्लक राहणारी वीजही अशीच जमा होईल. मात्र पॅनेलची क्षमता मंजूर वीजभारापेक्षा जास्त चालत नाही, म्हणून जोडणीचा अर्ज करतानाच भार नीट मागून घ्यावा. नंतर वाढवून मागण्यात वर्ष जाते, हे मी ग्राहकांच्या फायली घेऊन फिरताना पाहिले आहे.

आणखी एक गैरसमज आत्ताच दूर केलेला बरा. पॅनेल बसले म्हणजे वीज गेली तरी गाड्या भरतील, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. तारेला जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर वीज जाताच स्वतः बंद होतो, नाहीतर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या अंगात आपल्याच छपरावरची वीज शिरायची. डोंगरावर वादळात फांद्या पडतात आणि तारा तुटतात. तेव्हा रुग्ण खाली आणायची गाडी तरी भरलेली असावी, म्हणून केंद्रावर थोडा बॅटरीचा साठा आणि त्याला साजेसा इन्व्हर्टर हवा. सगळ्या ९४ गाड्यांसाठी नको, चार-पाच गाड्यांपुरता पुरे.

पॅनेल धुवावी लागतात. माथेरानची लाल माती कशावरही बसते, आणि घोड्यांच्या टापांनी उडणारी धूळ वेगळी. पाणी तर तिथे नेरळहून टप्प्याटप्प्याने उपसून चढवावे लागते, म्हणून ते असे सांडणे परवडणार नाही. पण आठ हजार चौरस फुटांचे छप्पर म्हणजे पावसाचे पाणी धरायची तेवढीच मोठी पाटी झाली. त्याला पन्हळ लावून टाकीत पाणी धरले तर हिवाळाभर धुण्याची सोय होते. ही गोष्ट आराखड्यात पहिल्याच दिवशी असली तर किरकोळ खर्चाची आहे.

बॅटरी कोणती घ्यावी, यावर निविदेत स्पष्ट भूमिका हवी. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग पडते, पण वजनाला शिशाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी असते, दोन हजारांवर वेळा भरता येते, तिच्यात पाणी घालायचे नसते आणि दुपारी अर्धीमुर्धी भरली तरी तिला काही होत नाही. चढावर ऐंशी किलोचे ओझे कमी होणे म्हणजे एक माणूस कमी बसण्यासारखे आहे. शिशाची घेतलीच तर डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार, केव्हा घालणार आणि त्याची नोंद कुठे होणार, हे ठरवून घ्यावे. सगळ्यात कमी दराची निविदा मंजूर केली तर काय येईल ते मी आजच सांगतो. हलक्या दर्जाची बॅटरी येईल आणि तिच्या हमीच्या कागदावर अशा अटी असतील की एकही चालक त्या पुऱ्या करू शकणार नाही.

आता माणसांकडे येतो. न्यायालयाने आपल्या निकालात १९८० च्या आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या खटल्याची आठवण करून दिली आहे. तो पंजाबातल्या सायकल रिक्षांचा खटला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हा रिक्षा ओढणाऱ्याला बँकेचे कर्ज देऊन स्वतःच्या रिक्षाचा मालक करण्याची योजना मार्गी लावली होती. केवडियाच्या धर्तीत मात्र गाडी भाड्याने मिळते. भाडेही वाईट नाही, सुरुवातीला तर तेच सोयीचे. पण भाड्याच्या गाडीची बॅटरी दीड वर्षाने संपली, तर नवी कुणी आणायची? करारात हे लिहिलेले नसेल तर खर्च चालकाच्याच अंगावर येतो, कारण गाडी उभी राहिली की उपाशी तो राहतो, कार्यालय नाही. मग तो कर्ज काढतो, किंवा परवाना दुसऱ्याच्या हाती देतो आणि रोजाने त्याच गाडीवर बसतो. हातरिक्षा ओढणारा कष्टाने वाकलेला असेल, पण त्याची गाडी दुरुस्त करायला सुतार-लोहार पुरत होता. बॅटरीच्या गाडीत त्याला प्रथमच अशा वस्तूवर अवलंबून राहावे लागेल, जी गावात दुरुस्त होत नाही.

म्हणून माझे मागणे असे आहे की दस्तुरीचे चार्जिंग केंद्र आणि त्यावरची वीज हातरिक्षावाल्यांच्या सहकारी संस्थेच्या हाती द्यावी. छपराचा भांडवली खर्च शासनाने करावा, पर्यटनाच्या निधीतून करा की जिल्हा नियोजनातून, तो आपला प्रश्न. वाचलेल्या विजेचे पैसे आणि पार्किंगच्या सावलीचे पैसे संस्थेच्या एका वेगळ्या खात्यात जावेत, आणि त्या खात्यातून फक्त बॅटऱ्या बदलल्या जाव्यात. वर काढलेल्या विजेच्या हिशेबाने हे खाते वर्षाला सोळा लाखांच्या घरात जमा करू शकते. ९४ गाड्यांमध्ये वाटले तर गाडीमागे वर्षाला सतरा हजार रुपये होतात. नीट जपलेल्या बॅटरीचा अडीच वर्षांचा खर्च यातून निघतो. सहकाराचा अनुभव रायगड जिल्ह्याला नवा नाही, त्यातला वाईट अनुभवही नवा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी हिशेब दर महिन्याला दस्तुरीच्या फलकावर लावला, किती युनिटे झाली, किती वापरली, किती पैसे जमले, तर चोरी लपवणे कठीण जाते. सूर्य तिथे रोज सगळ्यांसमोर उगवतो, मीटरही सगळ्यांसमोर असू द्या.

गाड्या आणि चार्जिंग केंद्र यांची निविदा वेगवेगळी काढू नका. गाड्या आधी येतील आणि केंद्र मागून येईल, असे ठरले तर केंद्र येणारच नाही. चालक घरातल्या प्लगवरून वायर ओढतील, पावसाळ्यात कुणाला तरी शॉक बसेल, आणि मग सगळा दोष ई-रिक्षावर टाकला जाईल.

निविदेचा मसुदा अंतिम करण्याआधी एक बैठक माथेरानमध्येच घ्यावी. तिला हातरिक्षावाले, घोडेवाले, नगरपरिषद, वन विभाग, रेल्वे आणि महावितरण या सगळ्यांना बोलवावे, आणि ती शनिवारी घेऊ नये, कारण त्या दिवशी ज्यांचे म्हणणे ऐकायचे ते कामावर असतील. मसुदा मराठीत असावा आणि आठ दिवस आधी दस्तुरीवर लावलेला असावा. त्या मसुद्यात छपरावर पॅनेल किती किलोवॉटचे, दुपारी भरायला प्लग किती, आणि बॅटरी बदलायची जबाबदारी कुणाची, या तीन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत आणि नावानिशी लिहिलेली असावीत. ती लिहिलेली नसतील तर त्या कागदावर आपण सही करू नये, अशी माझी विनंती आहे.

आपला,
कर्जत तालुक्यातला एक वीजतंत्री